नवशिक्यांच्या ऑनलाइन मोडी कोर्सची उद्दिष्टं कशी ठरवावीत?

तुमचा प्रश्न असा: मोडी लिपी चांगली वाचता येते, नवशिक्यांसाठी ऑनलाइन कोर्स काढायचाय, पण उद्दिष्टांच्या जागी ‘मोडीची ओळख होईल, इतिहास समजेल, वाचनाची गोडी लागेल’ एवढं लिहून गाडी अडलीय.

अडणारच. गोडी लागली की नाही, हे तपासणार कोण आणि कसं?

पुण्यात मी अशा कोर्सची आखणी करून देतो. माझी पद्धत सांगतो: उद्दिष्ट नंतर लिहा, आधी कागद निवडा. कोर्स संपल्यावर शिकणाऱ्याने कोणता कागद स्वतःच्या हिमतीवर वाचावा असं तुम्हाला वाटतं? पुण्यात मोडी म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवेकालीन कागदांचा संग्रह येतो. पण नवशिक्याला तिथला घाईघाईत लिहिलेला कागद दिलात तर तो दुसऱ्या आठवड्यात गायब होईल. त्यापेक्षा इंग्रजी अमलातली, बऱ्यापैकी सुवाच्य अक्षरातली गावची जन्म-मृत्यूची नोंद घ्या, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून बरेच जण नेमकं तेच वाचायला मोडीकडे वळलेत.

कागद ठरला की उद्दिष्ट जवळजवळ आपोआप लिहिलं जातं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये त्याचे तीन भाग सांगितले: काय करता येईल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगलं. तुमच्या बाबतीत ते असं होईल:

‘जन्मनोंदीचं स्वच्छ स्कॅन आणि मुळाक्षरांचा तक्ता समोर असताना गाव, नाव, जात आणि तारीख अर्ध्या तासात देवनागरीत उतरवता येईल, दहापैकी आठ शब्द बरोबर.’

दहापैकी दहा का नाही? गावांची नावं आणि आडनावं यांवर मुरलेले वाचकही अडतात, कारण तिथे मागच्या-पुढच्या मजकुराचा आधार मिळत नाही. तक्ता हाताशी ठेवू दिला यात लबाडी नाही. पाठांतर हा तुमचा हेतूच नाही.

आता मागे मागे या. हा कागद वाचायला काय काय लागेल? मुळाक्षरं लागतीलच. बाराखडीला मात्र जास्त वेळ द्या, कारण काना-मात्रा जोडताना अक्षराचं रूपच बदलतं. आणि खरी मेख पुढे आहे. मोडीत आधी पानभर रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचे, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. त्यामुळे सगळी अक्षरं ओळखणारा माणूसही अख्ख्या ओळीपुढे हतबल होतो. तो ‘ओळख’ या उद्दिष्टात उत्तीर्ण आणि कागदापुढे नापास! म्हणून ‘सलग ओळीतले शब्द तोडता येतील’ हे स्वतंत्र उद्दिष्ट करा आणि कोर्सचा मोठा वाटा त्याला द्या. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत सहसा पाळलेला नसतो, ते एका व्हिडिओत उरकेल.

या कागदाला जे लागत नाही ते कापा. बोरूने लिहिणं, शिवकालीन वळण, सुहूर सनातले (जुन्या कागदांतल्या कालगणनेतले) खमस-सित-सबा हे अरबी आकडे, हे सगळं पुढच्या कोर्सात. हेमाडपंतांनी मोडी आणली की नाही, हा वाद तर पुण्यात कट्ट्यावरच बरा. (तुम्हाला तो भाग सर्वात प्रिय असणार, माहितीय. शेवटी जोडव्हिडिओ म्हणून ठेवा.)

वर्गात शिकवताना गोंधळलेला चेहरा दिसतो, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत नाही. म्हणून प्रत्येक व्हिडिओनंतर एक ओळ वाचायला द्या आणि उत्तर वेगळ्या पानावर ठेवा, म्हणजे आपल्याला जमलं का हे शिकणारा स्वतःच ठरवेल. बहुतेक जण फोनवर बघतील, तेव्हा अख्ख्या पानाचं स्कॅन टाकण्याऐवजी एकेक ओळ कापून मोठी करून टाका.

शिक्षणाची उद्दिष्टं पायऱ्यांमध्ये मांडणाऱ्या ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणाबद्दलही तुम्ही विचारलंय. त्याच्या २००१ च्या सुधारित सहा पायऱ्या ‘समजेल’च्या जागी नेमकं क्रियापद शोधायला उपयोगी पडतात, पण पहिल्याच कोर्सात सहाही पायऱ्या चढवण्याचा हट्ट नको. स्मरण, आकलन आणि उपयोजन एवढं पुष्कळ झालं.

कोर्सच्या माहितीपानावर तीनच उद्दिष्टं लिहा, बाकीची बारीक उद्दिष्टं तुमच्या वहीत राहू द्या. आणि रेकॉर्डिंगआधी तो शेवटचा कागद मोडीचा गंधही नसलेल्या कुणाला तरी दाखवा. तो कुठे कुठे अडतो ते टिपलंत, की धड्यांचा क्रम तिथूनच मिळेल.