संघातील मुख्य खेळाडूला बाकावर बसवले, तर त्याने संघ सोडावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: फोंड्याच्या एका बास्केटबॉल क्लबकडून आपण गेली काही वर्षे सुरुवातीच्या पाच खेळाडूंत खेळत आहात, संघाचे सर्वाधिक गुण बहुधा आपल्याच नावावर असतात आणि आता नव्या प्रशिक्षकांनी आपल्या जागी एकोणीस वर्षांच्या मुलाला उतरवून आपल्याला बाकावर बसायला सांगितले आहे, तेव्हा हे मान्य करावे, की मडगावच्या दुसऱ्या क्लबकडे जावे? माझी सारी नोकरी म्हापशाकडच्या शाळांत शारीरिक शिक्षण शिकवण्यात आणि मुलांचे संघ बांधण्यात गेली, म्हणजे मी बसवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

संघ सोडण्याचा विचार करण्याआधी प्रशिक्षकांना एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: सामना अटीतटीचा असेल, तर शेवटची पाच मिनिटे मैदानावर कोण असणार? त्या यादीत आपले नाव असेल, तर आपली जागा गेलेली नाही, तिची वेळ तेवढी बदलली आहे. नाव नसेल, तर गोड शब्दांत आपल्याला बाजूला सारले जात आहे आणि मग मडगावचा विचार करण्यात काहीही गैर नाही.

या बाबतीत सर्वांत अभ्यासण्यासारखे उदाहरण एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स संघाच्या मनू जिनोबिलीचे आहे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्णपदक मिळवून देणारा आणि 2007 पर्यंत एनबीएची तीन विजेतेपदे पदरी असलेला हा खेळाडू ऐन भरात असताना प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी त्याला बाकावरून खेळवले. 2007-08 च्या हंगामात तो 74 सामने खेळला, त्यांपैकी फक्त 23 सामन्यांत तो सुरुवातीला मैदानात होता, आणि तरीही सरासरी 19.5 गुण ही त्याच्या संपूर्ण कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरी त्याच हंगामातली आहे. उत्कृष्ट राखीव खेळाडूचा पुरस्कारही त्याला त्याच वर्षी मिळाला. यामागचे गणित सरळ आहे. टोनी पार्कर आणि टिम डंकन या संघातल्या इतर दोन मुख्य खेळाडूंबरोबर खेळताना चेंडू तिघांत वाटला जायचा. ते दोघे विश्रांतीला बसले, की आक्रमणाची सूत्रे एकट्या जिनोबिलीकडे यायची आणि समोर प्रतिस्पर्ध्यांचे दुसऱ्या फळीचे खेळाडू असायचे. सामन्याच्या अखेरीस मात्र तिघेही एकत्र मैदानावर असत.

आपल्याकडे हा हिशेब आणखी टोकाचा होतो. गोव्यातील बहुतेक क्लबांत भरवशाचे खेळाडू सात-आठच असतात. पहिले पाच दमले, की मेहनतीने मिळवलेली दहा गुणांची आघाडी बघता बघता विरून जाते. त्या पडत्या काळात चेंडू सांभाळू शकणारा कोणी तरी हवा म्हणून आपल्या प्रशिक्षकांनी आपल्याला राखून ठेवले असेल, तर त्यांचा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

दुसरी बाब फाऊलची आहे आणि तिच्याकडे आपले खेळाडू फारसे लक्ष देत नाहीत. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांप्रमाणे 10 मिनिटांच्या एका सत्रात संघाचे चार फाऊल भरले, की पुढे बचाव करताना केलेल्या प्रत्येक फाऊलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता बास्केटवर मारायचे नेम, मिळतात. चार फाऊल झाल्याची लाल खूण गुणलेखकाच्या टेबलावर लागते. आपण सहाव्या-सातव्या मिनिटाला उतरता, तेव्हा ती खूण बहुधा लागलेली असते किंवा लागायच्या बेतात असते. ज्याला बास्केटकडे मुसंडी मारता येते, अशा खेळाडूसाठी याहून चांगली वेळ नाही. मी मुलांना बाकावर बसल्यावर चेंडूकडे कमी आणि त्या टेबलाकडे जास्त पाहायला सांगत असे. समोरच्या उंच खेळाडूच्या नावावर तीन फाऊल असतील, तर उतरल्याबरोबर त्याच्याच अंगावर जावे. पाचवा फाऊल झाला, की तो सामन्यातून बाहेर.

शरीराचा त्रास मात्र खरा आहे, तो कोणी नाकारू नये. मे महिन्याच्या दमट संध्याकाळी सराव करून घामाने चिंब झालेला खेळाडू सभागृहात पंख्याखाली बसला, की ओली बनियन पाठीला गार चिकटते आणि मांड्या आखडतात. टॉवेल पांघरावा, पाय लांबवत राहावे आणि प्रशिक्षकांची नजर वळण्याआधीच उठून हालचाल सुरू करावी. नाही तर पहिले दोन नेम हमखास चुकतात आणि मग सारा दोष बाकाच्या माथी मारला जातो.

मानाचा प्रश्न याहून अवघड आहे. एनबीएतला नामांकित खेळाडू कार्मेलो अँथनी याला 2017 मध्ये पत्रकारांनी बाकावरून खेळशील का असे विचारले, तेव्हा तो चक्क हसला होता. पुढच्या वर्षी ह्यूस्टनकडून केवळ 10 सामने खेळून तो वर्षभर संघाविना राहिला आणि 2021-22 मध्ये लेकर्सकडून बहुतेक सामने बाकावरूनच खेळला. तसाच नामांकित खेळाडू ॲलन आयव्हरसन याचे 2009 मध्ये मेम्फिस संघाशी तीन सामन्यांतच बिनसले, त्यामागेही बाकावर बसण्याची नाराजी हेच कारण होते. याउलट उदाहरण आंद्रे इग्वोडालाचे. कारकिर्दीतील 758 सामने सुरुवातीपासून खेळलेला हा माणूस 2014-15 मध्ये गोल्डन स्टेटच्या बाकावर गेला, अंतिम मालिकेत संघ 1-2 असा मागे असताना चौथ्या सामन्यात पहिल्या पाचांत परतला आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अर्थात हे कोट्यवधींचे करार असलेले लोक आहेत. आपल्याला करार नाही, पण वाड्यावर भेटणारा प्रत्येक जण ‘कित्याक रे, तुका भायर बसयलो?’ असे विचारणार, आणि माझ्या अनुभवात मुले संघ सोडतात ती या प्रश्नाला कंटाळून. विचारणाऱ्यांना जत्रेतल्या नाटकाची आठवण करून द्यावी. दुसऱ्या अंकात येणाऱ्या नटाला तिथे कोणी दुय्यम म्हणत नाही.

त्या एकोणीस वर्षांच्या मुलाविषयी आपल्या प्रश्नात थोडी कडवट छटा दिसली. त्याने आपली जागा मागितलेली नाही, ती त्याला दिली गेली आहे. सरावात त्याच्यासमोर बचावाला आपणच उभे राहा. तो तयार होईल आणि आपलाही दम टिकेल.

प्रशिक्षकांशी बोलायला सामन्याचा दिवस निवडू नका, सरावानंतर एकटे गाठा. ‘संघाचे हित’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुन्हा विचारा: किती मिनिटे, कोणत्या चौघांबरोबर आणि शेवटी कोण? चार-पाच सामने त्यांच्या उत्तराशी ताडून पाहा. त्यातून काही निष्पन्न झाले नाही, तर मडगावला खुशाल जा, मात्र तिथल्या प्रशिक्षकांनाही होकार देण्याआधी हेच तीन प्रश्न विचारा. आपल्या जागेवर तिथेही कोणी तरी आधीपासून खेळत असेलच.