स्लोव्हेनियाला पहिल्यांदा जाताय? सगळे दिवस ब्लेडला देऊ नका

ब्लेडचं तळं देखणंच आहे, पण गर्दी फार. भल्या सकाळी एक फेरी मारा आणि सरळ बोहिन गाठा. तिथलं तळं मोठं, निवांत, त्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत.

खरी मजा वर्शिच घाटात. माथा १६११ मीटरवर, वळणं ५०. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद होतो, तेव्हा उन्हाळाच बघा. पलीकडे उतरलात की सोचा नदी: पाणी इतकं पाचूसारखं हिरवं, की घरचे म्हणतील फोटो रंगवलाय. ऑगस्टमध्येसुद्धा ते हाडं गोठवतं हं!

गुहा एकच जमणार असेल तर? पोस्तोयनाला आत छोटी रेल्वे आहे, मुलं खूश होतात. मी मात्र श्कोत्सियानच सांगेन. जमिनीखालच्या दरीत रेका नदी घोंघावत असते आणि आपण उंच पुलावरून जातो. आत साधारण १२ अंश, स्वेटर ठेवा.