स्कूटरवाला तो तरुण कोण?

प्रश्न : लेकीने परवा मला ‘अँड सून द डार्कनेस’ हा जुना इंग्रजी चित्रपट दाखवला. फ्रान्समधल्या ओसाड रस्त्यावर सायकलवरून फिरणाऱ्या दोन इंग्रज मुली, आणि त्यांच्या मागे स्कूटरवर येणारा एक देखणा तरुण. तो नट खरोखर फ्रेंच होता का? पुढे त्याचं काय झालं?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, तो फ्रेंच नव्हता, इंग्रजही नव्हता. तो हंगेरियन. इंग्रज त्याला सँडोर एलेस म्हणायचे. हंगेरियन भाषेत नुसत्या ‘s’ या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो आणि आडनाव आधी येतं, म्हणजे गावाकडे तो एलेश शांदोर. ‘एलेश’चा त्यांच्या भाषेत अर्थ ‘धारदार’. चेहरा आठवून पाहा, नाव शोभतं की नाही!

जन्म १९३६चा, तातबान्या या कोळशाच्या खाणींच्या गावातला. १९५६मध्ये बुडापेस्टचा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली. त्यांतली वीसेक हजार ब्रिटनमध्ये आली. हा विशीतला पोरगा त्याच लोंढ्यातला. परक्या भाषेत नट म्हणून उभं राहायचं म्हणजे काय, याचा विचार करा. सुताराला हत्यारं बरोबर नेता येतात. नटाचं हत्यार त्याची भाषा, आणि नेमकी तीच मागे राहते.

साठच्या दशकात लंडनमध्ये हेरांच्या आणि साहसाच्या मालिका धडाक्यात बनत होत्या. कथा घडायची रोममध्ये नाहीतर दक्षिण अमेरिकेत, चित्रीकरण मात्र लंडनजवळच्या स्टुडिओत. तिथे ‘परदेशी’ दिसणारी, परदेशी बोलणारी माणसं लागायची. मग हंगेरी, पोलंड, ऑस्ट्रियातून आलेले नट आज इटालियन पोलिस, तर पुढच्या आठवड्यात स्पॅनिश डॉक्टर. उच्चार इंग्रजी नाही ना, एवढंच पाहिलं जाई. आपण या नटांना ‘किरकोळ भूमिकेतले’ म्हणून सोडून देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांच्यावाचून त्या मालिकांमधलं परकं शहर उभंच राहिलं नसतं.

१९६४च्या ‘द इव्हिल ऑफ फ्रँकेनस्टाइन’मध्ये पीटर कुशिंगने रंगवलेल्या बॅरन फ्रँकेनस्टाइनचा मदतनीस हान्स (हे नाव जर्मन) झालाय तो आपला एलेश. त्याच चित्रपटात झोल्तान नावाचा एक संमोहनवाला आहे. नाव अस्सल हंगेरियन, पण ते काम केलंय पीटर वुडथॉर्प या इंग्रज नटाने. हंगेरियन माणूस जर्मन झाला आणि इंग्रज माणूस हंगेरियन!

तुम्ही पाहिलेला चित्रपट १९७०चा. (ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) पॉल, म्हणजे तो स्कूटरवाला, आपण पोलिस असल्याचं सांगतो, कॅमेऱ्यातला रोल खराब करतो, आणि आपली खात्री पटते की हाच तो खुनी. पण खुनी निघतो गणवेशातला पोलिस. एलेशने पूर्ण चित्रपटभर संशय असा अंगावर वागवलाय की शेवटी आपल्यालाच अपराधी वाटतं. त्याचं मला सर्वांत आवडलेलं काम हेच.

त्याचं आणखी काही पाहायचं असेल तर १९७१चा ‘काउंटेस ड्रॅक्युला’ पाहा. तरुण मुलींच्या रक्ताने न्हाऊन तरुण होणाऱ्या एर्झेबेत बाथोरीच्या हंगेरियन दंतकथेवरचा. दिग्दर्शक पीटर सास्डी हंगेरियन, निर्माते अलेक्झांडर पाल हंगेरियन, आणि काउंटेसच्या प्रेमात पडणारा लेफ्टनंट इम्रे तोथ म्हणजे एलेश. इंग्लंडातल्या पाइनवुड स्टुडिओत का होईना, इथे तो स्वतःच्या देशाचा माणूस झाला. नायिका इन्ग्रिड पिटचा आवाज मात्र दुसऱ्याच बाईचा घातला. इन्ग्रिड पोलंडमध्ये जन्मलेली. परक्या नटांच्या उच्चारावर केवढी नजर असायची, ते यावरून कळेल.

माझी त्याची ओळख या चित्रपटांमुळे नाही झाली. १९८३मध्ये मी कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी बर्मिंगहॅमला होतो. माझ्या घरमालकीण बाई ‘क्रॉसरोड्स’ ही मोटेलची मालिका कधी चुकवत नसत. मालिका बर्मिंगहॅमचीच, आठवड्याला तीन भाग. त्यात पॉल रॉस नावाचा रेस्टॉरंटचा मॅनेजर होता – हाच एलेश, केसांत रुपेरी छटा आलेला. बाई मला थांबवून सांगायच्या, ‘‘बघ, टेबल कसं मांडलंय! आमचा पॉल आहे तो.’’ माझी इंग्रजी तेव्हा अडखळती होती, दुकानात दोनदोनदा सांगावं लागे. पॉलचाही उच्चार वेगळा आहे हे मी बाईंना म्हणालो, तर त्या चक्रावल्या. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

२००२मध्ये लंडनला तो गेला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी.