वाचकांचे प्रश्न: मोगूबाईंची तालीम

प्रश्न : गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांना जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची सलग तालीम मिळाली नाही आणि मधल्या काळात त्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडेही शिकल्या, असे वाचले. मग त्यांचे गाणे अस्सल जयपूर घराण्याचे कसे मानायचे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, मात्र त्यातून निघणारी शंका टिकत नाही. मोगूबाईंचा जन्म 1904 मध्ये गोव्यातील कुर्डी गावी झाला. मुलीने गायिकाच व्हावे हा आई जयश्रीबाईंचा ध्यास होता, पण मुलगी दहा वर्षांची असतानाच त्या निवर्तल्या. पुढची काही वर्षे नाटक मंडळ्यांत गेली; ‘पुण्यप्रभाव’मधील किंकिणी आणि ‘सौभद्र’मधील सुभद्रा या भूमिका त्यांनी त्या काळात केल्या. रंगभूमी सुटल्यावर त्या सांगलीत राहिल्या, आणि त्याच सुमारास खाँसाहेबही औषधोपचारासाठी सांगलीत आलेले होते. रस्त्याने जाताना कानी पडणारा या मुलीचा रियाज ऐकून ते आपण होऊन घरात आले आणि शिकवू लागले. शिकवणारे गृहस्थ कोण आहेत, याचा पत्ता तिला काही दिवसांनी लागला, असे सांगतात.

ही तालीम सुमारे दीड वर्ष चालली. खाँसाहेब मुंबईला गेले, तेव्हा मोगूबाईही त्यांच्यामागे गेल्या. परंतु मुंबईत खाँसाहेबांच्या तालमीवर इतरांचा हक्क होता. 1921 पासून केसरबाई केरकर तेथे शिकत होत्या, आणि अशा तालमीत दुसऱ्या शिष्येला वाव नसे. नाइलाजाने मोगूबाई बशीरखाँ आणि विलायत हुसेनखाँ या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे गेल्या. हे कळल्यावर खाँसाहेबांनी आपली गायकी तिच्या गळ्यातून जाऊ नये म्हणून स्वतःचे बंधू हैदरखाँ यांना तिला शिकवायला सांगितले. काही वर्षांनी तेही मुंबई सोडून गेले. अखेर 1934 मध्ये खाँसाहेबांनी तिला स्वतः गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या करून घेतले. तेव्हा मोगूबाई तीस वर्षांच्या होत्या, पदरी संसार व लहान मूल होते. तालमीच्या या खंडांना अनेक चरित्रलेखक दैवाची परीक्षा म्हणतात. मला त्यात दैवापेक्षा, तालीम ही आश्रयदात्याच्या ऐपतीने मिळणारी वस्तू होती, ही व्यवस्था अधिक दिसते.

आता गाण्याविषयी. आग्र्याची ओळख असलेली नोमतोम (निरर्थक अक्षरांतली आलापी) किंवा शब्दांशी खेळणारा बोलबनाव त्यांच्या गायनात अंगावर येत नाही. आकारातून चाललेला आलाप, मध्यविलंबित लयीतला ख्याल, तानेची वळणदार पेचदार गुंफण आणि या साऱ्यांत आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) कोठेही रिकामे न सोडण्याची दक्षता, हे सर्व अल्लादियाखाँसाहेबांचेच आहे. लय ही तर मोगूबाईंची खास मिळकत होती. ठेका कितीही संथ असो, सम (तालाची पहिली मात्रा) गाठण्यासाठी शेवटच्या दोन मात्रांत धावाधाव करावी लागत नाही, कारण समेकडे जाण्याची तयारी आवर्तनाच्या आरंभीच झालेली असते. त्यांनी रचलेल्या बंदिशी व तराणे यांतही हाच हिशेब आहे. ध्वनिमुद्रण ऐकताना एकदा केवळ तबल्याकडे लक्ष ठेवून ऐकावे, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल.

प्रश्न : एवढी योग्यता असून मोगूबाई बहुतेकांना गायिका किशोरीताई आमोणकरांच्या आई म्हणूनच का माहीत आहेत? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : याचे एक साधे कारण म्हणजे त्यांनी मैफलीइतकेच, किंबहुना अधिक, आयुष्य शिकवण्यात घातले. पतीच्या अकाली निधनानंतर मुलांचा भार एकट्यावर होता आणि लोकरंजनासाठी गाण्याचा पोत सैल करण्याची त्यांची तयारी नव्हती. कमल तांबे, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर यांच्यासारखे शिष्य त्यांच्याकडून शिकून गेले. किशोरीताईंना त्या अस्ताई-अंतरा (बंदिशीचे दोन भाग) मोजून एक-दोनदा म्हणून दाखवत, पुन्हा सांगत नसत. तरीही याच कडक आईने मुलीला भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकायला पाठवले, हे विसरले जाते. पुढे किशोरीताईंनी गाण्यातील भावनेच्या शोधात घराण्याची चौकट ओलांडली, तेव्हा टीका करणाऱ्यांनी मोगूबाईंचा दाखला दिला. चार दारी शिकलेल्या त्या बाईंच्या नावाने चौकटीचा आग्रह धरणे मला तरी उचित वाटत नाही. सन्मान मात्र उशिरा का होईना मिळाले: 1968 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1974 मध्ये पद्मभूषण. 10 फेब्रुवारी 2001 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रश्न : कुर्डी गाव पाहता येते काय? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : येते, पण वर्षभर नव्हे. सांगे तालुक्यातील हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर घरांची जोती व सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि मे महिन्यात जुने गावकरी तेथे उत्सवाला जमतात. जायचे असल्यास तोच काळ धरावा. पावसाळा सुरू झाला की गाव पुन्हा पाण्याखाली जाते.