प्रकटीकरणाचा अभ्यास गटाने कसा करावा?

प्रश्न : आमच्या मंडळीतील आम्ही दहा-बारा जण दर बुधवारी संध्याकाळी भायखळ्यात एका घरी बायबल अभ्यासासाठी जमतो. सध्या बायबलमधील शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, वाचत आहोत. गटातील एक ज्येष्ठ बंधू त्यातील संकटांच्या दृष्टान्तांमधला प्रत्येक शिक्का आणि प्रत्येक कर्णा आजच्या एखाद्या युद्धाशी किंवा साथीशी जोडतात आणि जगाचा अंत अमुक वर्षी होईल असेही सुचवतात. तरुण मुले-मुली धास्तावली आहेत. दोन मुलींनी तर येणेच थांबवले आहे. कोणाचे मन न दुखावता हा अभ्यास कसा चालवावा?
— एक वाचक, भायखळा, मुंबई

उत्तर : पुष्कळ ठिकाणी सुरुवातीचे तीन आणि शेवटचे दोन अध्याय वाचून मधला अवघड भाग सोडून दिला जातो; आपल्या गटाने तसे केले नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र प्रकटीकरण हे मुळात पत्र आहे, हे सर्वांनी आधी ध्यानात घ्यावे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील सात मंडळ्यांना ते लिहिलेले होते, आणि बहुसंख्य अभ्यासक ते इ. स. ९५ च्या सुमाराचे, सम्राट दोमितियनच्या कारकिर्दीतले मानतात. म्हणून कोणत्याही दृष्टान्तापाशी आल्यावर त्या मंडळ्यांतील लोकांना ऐकताना काय उमगले असेल, हा प्रश्न गटाने सर्वप्रथम विचारावा, आणि आजच्या बातम्यांकडे त्यानंतरच वळावे.

त्या सातांपैकी लावदिकीया या शहराचे उदाहरण घ्या. इ. स. ६० मध्ये हे शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा रोमची मदत न घेता तेथील नागरिकांनी ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभारले, असे इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. तिसऱ्या अध्यायात ‘मी श्रीमंत आहे, मला कशाचीही उणीव नाही’ असे म्हणणारी मंडळी या शहरातली आहे, हे कळले की ते वाक्य केवढे झोंबले असेल याची कल्पना येते. सहाव्या अध्यायातील काळ्या घोड्याचेही तसेच आहे. तेथे दिवसभराच्या मजुरीत जेमतेम एका माणसापुरते गहू मिळतात, मग बायकामुलांसाठी सातूवर भागवावे लागते, आणि तेल व द्राक्षारस यांना मात्र धक्का लागत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही, मग तो त्या सातांपैकी पर्गम शहराचा असो वा आपल्या मुंबईचा.

जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकाचा सातवा अध्याय याच्या जोडीने वाचणे मी अत्यावश्यक मानतो. तेथे सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचे चौथे श्वापद अशी चार राज्ये समुद्रातून वर येतात. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात त्या चौघांची लक्षणे एकाच श्वापदात एकवटलेली दिसतात. पुढे सतराव्या अध्यायात त्याची सात डोकी म्हणजे सात डोंगर असा खुलासा येतो, आणि सात टेकड्यांवरचे नगर म्हटल्यावर त्या काळच्या श्रोत्यांना रोमच आठवले असणार. तेराव्या अध्यायात त्या श्वापदाची संख्या ६६६ सांगितली आहे; रोमन सम्राट नीरो कैसर याच्या नावाचे ग्रीक रूप ‘नेरोन कैसर’ हिब्रू अक्षरांत लिहून त्यांच्या किमतींची बेरीज केली तर तीच येते. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ हा आकडा आहे, आणि त्याच नावाचे लॅटिन रूप ‘नेरो कैसर’ हिब्रू अक्षरांत लिहिले तर बेरीज तेवढीच भरते. ही भविष्यवाणी पुढच्या काळाविषयीही बोलते, असे मानणारे श्रद्धावंत आणि विद्वान पुष्कळ आहेत व त्यांचा मान राखावा. परंतु त्यांनाही पहिल्या शतकातून वाट काढतच पुढे जावे लागते.

तारखेच्या बाबतीत मात्र मी भीड ठेवणार नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ या दिवशी प्रभूच्या आगमनाची वाट पाहिली आणि हजारो लोकांच्या पदरी घोर निराशा आली. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही, असे मार्काच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात स्वतः येशू सांगतो. आपल्या पाळकसाहेबांनी हे वचन गटात वाचून दाखवावे आणि वर्ष सांगण्याचा विषय तेथेच थांबवावा. त्या बंधूंचा शास्त्राचा व्यासंग दांडगा दिसतो, तेव्हा पुढच्या बुधवारी दानीएलाचा तो अध्याय मांडण्याची जबाबदारी त्यांच्याकडेच द्यावी. आणि त्या दोन मुलींना निरोप न धाडता गटातील एखाद्या मावशींनी त्यांच्या घरी जावे, त्यांना कशाची भीती वाटली ते आधी ऐकून घ्यावे आणि मग त्यांच्यासोबत प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायाचा उत्तरार्ध वाचावा, कारण मोठ्या संकटातून आलेल्यांच्या डोळ्यांतील अश्रू देव स्वतः पुसतो, हे तेथेच सांगितले आहे.