फॉर्मल नाईटला जायचं की नाही?

वहिनी, क्रूझवरची फॉर्मल नाईट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, चुकवली म्हणून कोणी उपाशी ठेवत नाही. ड्रेसकोडचा जाच मुख्यतः मेन डायनिंग रूममध्ये. बुफे त्या रात्रीही चालू असतो, तिथे साधे कपडे चालतात. सात रात्रींच्या सफरीत अशा साधारण दोन रात्री येतात, बहुधा जहाज दिवसभर समुद्रात असतं तेव्हा.

कंपनी कोणती ते आधी बघा. नॉर्वेजियनवर फॉर्मल कपड्यांची सक्तीच नाही. क्युनार्डवर मात्र गाला इव्हनिंगला, म्हणजे त्यांच्या फॉर्मल नाईटला, सहानंतर जहाजाचा बराच भाग नटलेल्यांचाच. साध्या कपड्यांत फिरायला जागा थोडी उरते. मुंबई-गोवा अशी छोटी सफर असेल तर डोकं शिणवूच नका.

भावोजींच्या सुटासाठी पणजीत शिंप्याकडे धावायचं काही कारण नाही. बंदगळा चालतो, आणि तुमच्या पैठणीपुढे गाऊन फिके पडतील! फक्त उंच टाचा नकोत, जहाज डुलतं. कपाटातला कोटच न्यायचा असेल तर आधी बाहेर काढून बघा. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरलेली असते. इस्त्री बरोबर घेऊ नका, बोर्डिंगलाच काढून ठेवतात. चुरगळलेला कोट गरम शॉवर सोडून बाथरूममध्ये टांगला की बराच सरळ होतो.

मुलं लहान आहेत ना? ते जेवण दीड-दोन तास चालतं. माझं ऐकाल तर एक रात्र नटा, फोटो काढा, दुसऱ्या रात्री खुशाल बुफेला जा.