न्यू जर्सीत पहिल्यांदा यूज टॅक्स भरताय?

घाबरू नका, पहिल्या वर्षी दोन-तीन गोष्टी नीट केल्या तरी पुष्कळ झालं. यूज टॅक्स म्हणजे खरेदीच्या वेळी सेल्स टॅक्स लागला नाही, तर वस्तू इथे वापरल्याबद्दल आपण स्वतः भरायचा टॅक्स. आधी पावत्या काढा आणि प्रत्येकीवर सेल्स टॅक्सची ओळ बघा. मोठे ऑनलाइन दुकानदार बहुतेक वेळा टॅक्स आधीच लावतात, त्यावर परत भरायचा नाही, नवीन लोक घाईत इथेच दुप्पट भरतात.

खरी भानगड डेलावेअरची. तिथे सेल्स टॅक्सच नाही म्हणून आपली माणसं गाडी काढून लॅपटॉप आणायला जातात आणि सुटलो असं समजतात, पण वस्तू घरी आणून वापरली की न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के लागतोच, म्हणजे १२०० डॉलरच्या लॅपटॉपवर ७९.५० डॉलर. पेनसिल्व्हेनियात ६ टक्के भरले असतील तर फक्त फरक द्यायचा. साध्या कपड्यांवर इथे टॅक्स नाही, ते सोडून द्या.

आणि हो, एनजे-१०४० या न्यू जर्सीच्या इन्कम टॅक्स फॉर्मवरचा यूज टॅक्सचा रकाना कोरा ठेवू नका, काही देणं नसेल तर शून्य लिहा. किरकोळ खरेदीच्या पावत्या हरवल्या असतील तर उत्पन्नानुसार अंदाजाचा तक्ता फॉर्मच्या सूचनांमध्येच आहे, फक्त १००० डॉलर किंवा त्याहून महाग वस्तू वेगळी मोजा. धंद्याच्या खरेदीचे नियम आत्ता वाचूच नका.